घरावरची तार

बिनतारी यंत्राला बिनतारी म्हणण्याची रूढि आतां शंभर वर्षांहून जुनी झाली आहे. पण हें नांव अर्धेंच खरें. दोन गांवांमधली तार गेली. दोन्हीं गांवांतल्या घरांवरची तार मात्र राहिली. यंत्र कपाटांत ठेवतां येतें, पलंगाखालीं सरकवितां येतें, वेळप्रसंगीं पेटींत घालून दुसऱ्याच्या घरीं नेतां येतें. तारेचें तसें नाहीं. तिला उघडी हवा पाहिजे, उंची पाहिजे, आणि जी लहर पाठवावयाची तिच्याशीं तिची लांबी जुळली पाहिजे. सामान्य गृहस्थाच्या हातीं बोलणारें यंत्र आमच्या देशांत कधीं आलें, कधीं गेलें व पुन्हा कसें आलें, याचा शोध घ्यावयाचा तर यंत्रापेक्षां या तारेच्या मागेंच अधिक हिंडावें लागतें. लोक तिला एरियल म्हणतात, आपणहि तेंच म्हणूं.

आरंभ आजच्या काळापासून आणि एका लहानशा गांवापासून करूं. रायगड जिल्ह्याच्या खालापूर तालुक्यांत, मुंबई-पुण्याच्या जुन्या रस्त्यावर, चौकाच्या परिसरांत लोधिवली हें गांव आहे. उत्तरेस इर्शाळगड, प्रबळगड व त्यांच्यामागें माथेरानचें पठार. पूर्वेस खोपोलीच्या पलीकडे बोरघाटाची भिंत. जवळून पाताळगंगा वाहते. अशा गांवीं एखाद्या गृहस्थाच्या मनांत घरीं सी. बी. रेडिओ, म्हणजे सामान्य नागरिकांसाठीं राखून ठेवलेल्या लहरींवरील बोलण्याचें यंत्र, बसवावयाचें आलें, तर त्याला काय करावें लागेल? किती शक्तीचें यंत्र व कशा प्रकारचें एरियल चालतें याविषयींच्या सरकारी अटी त्यानें प्रथम वाचाव्या, हें उघडच आहे. त्यानंतरचा प्रश्न गणिताचा आहे. या लहरी सुमारें २७ मेगॅसायकलच्या, म्हणजे सेकंदाला २ कोटि ७० लक्ष आंदोलनांच्या. प्रकाशाच्या वेगास या संख्येनें भागिलें असतां लहरीची लांबी सुमारें ११ मीटर निघते. उभी दांडी तिच्या चतुर्थांशाइतकी, म्हणजे पावणेतीन मीटर हवी. पण धातूची दांडी तिच्या टोकापाशीं आहे त्याहून किंचित् लांब असल्यासारखी वागते, म्हणून प्रत्यक्षांत शेंकडा पांच कमी, सुमारें २ मीटर ६३ सेंटिमीटर पुरे होते. तिच्या बुडाशीं तितक्याच लांबीच्या तीन-चार तारा छत्रीच्या काड्यांप्रमाणें खालीं झुकवून लावाव्या. त्या झुकविल्यानें एरियलचा रोध ५० ओहमच्या जवळ येतो, आणि यंत्रापासून येणारी केबलहि तेवढ्याच रोधाची असते. दोहोंचा मेळ बसला म्हणजे यंत्रांतून निघालेली शक्ति हवेंत जाते. नाहीं बसला तर तींतील कांहीं भाग वाटेवरूनच परत फिरतो व यंत्रालाच तापवितो.

हा मेळ किती बसला हें दाखविणारें एक लहानसें मापक मिळतें. तें केबलमध्यें जोडून पट्ट्याच्या खालच्या टोकाला एकदां व वरच्या टोकाला एकदां वाचावें. कांटा एकावर असेल तर सर्व शक्ति बाहेर जात आहे. तीनावर असेल तर चतुर्थांश परत येत आहे. वरच्या टोकाला आंकडा मोठा दिसला तर दांडी लांब आहे, खालच्या टोकाला मोठा दिसला तर आंखूड. लांब असेल तर अर्धा अर्धा सेंटिमीटर कापीत जावें. येथें उतावळेपणा करणारा मनुष्य शिंप्याच्या नवशिक्या पोराप्रमाणें फसतो, कारण कापलेली दांडी पुन्हा वाढत नाहीं. तंबोरा लावणाऱ्याला या कामांतली गोडी तत्काळ कळेल. तेथें ताण आणि लांबी दोन्हीं पाहावीं लागतात. येथें केवळ लांबी, पण भोंवतालचा पत्रा, कठडा, पाण्याची टांकी यांचाहि परिणाम होतो. अंगणांत सुरांत लागलेली दांडी छपरावर चढविली कीं बेसूर होते. म्हणून शेवटची जुळणी तिच्या कायमच्या जागींच करावी लागते. हा मुद्दा वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. पुढें त्याचें काम पडणार आहे.

खालापूरच्या मुलखांत आणखी दोन-तीन गोष्टी संभाळाव्या लागतात. पावसाळ्याचे चार महिने जोडांत पाणी शिरतें. तें एकदां केबलमध्यें उतरलें कीं सारी केबल टाकून द्यावी लागते. वैशाखांतल्या वळवाच्या विजा पावसाहून वाईट, म्हणून खांबाला जमिनीची तार द्यावी व ढग दिसतांच केबल यंत्रापासून सोडवावी. खांब कोसळला तरी विजेच्या तारांवर पडणार नाहीं इतका तो त्यांच्यापासून दूर असावा. राहिला प्रश्न डोंगरांचा. या लहरी बहुतांशीं सरळ जातात. खोपोलीकडचें खोरें मोकळें, तिकडे बोलणें पोंचेल. नेरळ मात्र माथेरानच्या आड पडतें, तेथें पांच वॅटचें यंत्र काय करणार? उलट डोंगराच्या कुशीवरून खालच्या सपाटीशीं बोलणें सोपें असतें. १९ जुलै २०२३ च्या रात्रीं याच इर्शाळगडाच्या उतारावरील इर्शाळवाडी दरडीखालीं गाडली गेली. २७ प्रेतें हातीं लागलीं आणि ५७ माणसें बेपत्ता ठरलीं. वर जावयास पायवाटेखेरीज मार्ग नव्हता. त्या रात्रीनंतर या भागांत घरावरच्या तारेकडे निव्वळ हौस म्हणून पाहणें कठीण आहे.

आतां या तारेमागचा कायदा. अमेरिकेंत या २७ मेगॅसायकलच्या लहरी सामान्य नागरिकांस १९५८ सालीं मोकळ्या झाल्या. आमच्याकडे त्या परवान्यावांचून वापरण्याची मुभा, शक्तीची पांच वॅटची मर्यादा घालून, २००५ सालीं मिळाली. म्हणजे मधें सत्तेचाळीस वर्षें गेलीं, आणि त्यांतलीं सारींच स्वराज्यांतलीं. यांत आश्चर्य वाटण्याचें कारण नाहीं. १८८५ चा तार कायदा आणि १९३३ चा बिनतारी यंत्रांचा कायदा हे दोन्हीं परकी सरकारनें केले आणि स्वकीय सरकारनें ते तसेच वापरले. त्यांची जागा घेणारा नवा कायदा संसदेनें केला तो २०२३ सालीं. १९३३ च्या कायद्यानें तर परवान्याशिवाय यंत्र नुसतें जवळ बाळगणें हाच अपराध ठरविला होता. ज्या सरकारला प्रजेनें काय ऐकावें याची चिंता असते, त्याला प्रजेनें काय बोलावें याची चिंता दसपट असणारच.

ऐकण्याची परवानगी मात्र आधीं मिळाली होती, आणि त्या परवानगीचा पुढें एक अनपेक्षित उपयोग झाला असें माझें मत आहे. १९२३-२४ च्या सुमारास मुंबईंत हौशी मंडळींच्या रेडिओ क्लबानें ध्वनिक्षेपणास आरंभ केला. २३ जुलै १९२७ रोजीं इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचें मुंबई केंद्र व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्तें उघडलें. त्याच वर्षीं खडकीहून विलायतेस बिनतारी संदेश जाऊं लागले व तिकडचे दौंडास उतरूं लागले. पण तीं प्रचंड एरियलें सरकारच्या व व्यापाऱ्यांच्या कामाचीं होतीं, गृहस्थाचा त्यांच्याशीं संबंध नव्हता. मुंबई केंद्राचा प्रक्षेपक वरळीस होता, शक्ति दीड किलोवॅट, आणि स्वच्छ ऐकूं येण्याचा टापू सुमारें तीस मैलांचा. लोधिवली त्या टापूच्या अगदीं कडेवर पडतें. वार्षिक परवाना दहा रुपये. कंपनीचें दिवाळें १९३० च्या मार्चांत वाजलें आणि सरकारला तो व्यवसाय आपल्या अंगावर घ्यावा लागला, तरी घरांवरच्या तारा कांहीं उतरल्या नाहींत. उलट त्या वाढत गेल्या. गच्चीच्या दोन टोकांना दोन बांबू, त्यांच्यामध्यें तांब्याची तार, तारेच्या दोन्हीं टोकांना चिनी मातीचे मणी, एक फांटा खिडकींतून खालीं यंत्राकडे आणि दुसरी तार पाण्याच्या नळाला बांधलेली: हें चित्र तिसाव्या-चाळिसाव्या सालांतल्या मुंबई-पुण्याच्या पांढरपेशा वस्तींत इतकें परिचयाचें झालें कीं त्याकडे कोणी मान वर करून पाहीनासें झालें.

१९३९ सालीं युद्ध सुरू झालें व हौशी प्रक्षेपकांचे परवाने रद्द झाले. त्यांचीं यंत्रें सरकारजमा करण्याचे हुकूम सुटले. ऐकणाऱ्यांच्या तारा मात्र तशाच राहिल्या, कारण सरकारलाहि आपल्या युद्धाच्या बातम्या लोकांच्या कानीं घालावयाच्या होत्या.

८ ऑगस्ट १९४२ रोजीं गवालिया टँकवर ‘चले जाव’चा ठराव झाला, दुसऱ्या दिवशीं पहांटे पुढारी पकडले गेले, आणि वृत्तपत्रांचीं तोंडें बंद झालीं. तेव्हां मुंबईंतील कांहीं तरुणांनीं आपलें स्वतःचें ध्वनिक्षेपण केंद्र काढण्याचें ठरविलें. उषाबेन मेहता त्या वेळीं बावीस वर्षांच्या होत्या व शिक्षण घेत होत्या. त्यांच्याबरोबर विठ्ठलदास झवेरी, चंद्रकांत झवेरी, बाबूभाई खाखर हे होते. यंत्रसामग्रीच्या बाबतींत, काँग्रेसच्या अधिवेशनांना ध्वनिवर्धक पुरविणाऱ्या शिकागो रेडिओचे नानिक मोटवाणी यांचें साहाय्य झालें. राम मनोहर लोहिया व अच्युतराव पटवर्धन हे भूमिगत पुढारी पाठीशीं होते. २७ ऑगस्ट रोजीं चौपाटीवरच्या ‘सी व्ह्यू’ नामक इमारतींतून पहिलें प्रक्षेपण झालें. हें काँग्रेस रेडिओ आहे, ४२.३४ मीटरवर, हिंदुस्थानांतील कोठून तरी, अशा आशयाची घोषणा लोकांनीं ऐकली. चितगांववरील बाँबहल्ला, जमशेदपूरचा संप, विदर्भांतील आष्टी-चिमूरचे अत्याचार या गोष्टी ज्या काळीं वर्तमानपत्रांत छापतां येत नव्हत्या त्या काळीं या केंद्रानें लोकांच्या कानीं घातल्या.

या कथेंतील आवाजाचें कौतुक पुष्कळ झालें आहे व तें योग्यच झालें. मला येथें तारेकडे पाहावयाचें आहे. ४२.३४ मीटरची लहर म्हणजे अर्धी लहर २१.१७ मीटरची, टोकाकडील शेंकडा पांच वजा केले असतां अर्ध्या लहरीचें एरियल सुमारें २० मीटर, म्हणजे सहासष्ट फूट लांबीचें होतें. घोषणेंत ‘कोठून तरी’ असें म्हणतां येतें. पण सहासष्ट फुटांची तार ‘कोठें तरी’ टांगतां येत नाहीं. तिला एक विशिष्ट गच्ची लागते. अपुऱ्या जागेंत ती आंखूड करावी तर गुंडाळीची भर घालून पुन्हा जुळवावी लागते. आणि अशी गच्ची या मंडळींना एकदां नव्हे, पुन्हा पुन्हा शोधावी लागली. ‘सी व्ह्यू’, लॅबर्नम रस्त्यावरील ‘अजित व्हिला’, सँडहर्स्ट रस्त्यावरील लक्ष्मी भुवन, वाळकेश्वरचा रतन महाल, महालक्ष्मीच्या देवळाजवळचा ‘पॅरडाइज’ बंगला, गिरगांवांतील पारेख वाडी: अडीच महिन्यांतले हे मुक्काम. मघां सांगितलेला नियम येथें आठवावा. जागा बदलली, जवळचें लोखंड बदललें, उंची बदलली, कीं एरियल बेसूर होतें आणि प्रक्षेपकाची जुळणी नव्यानें करावी लागते. आज या कामाला मापक आहे व भरपूर वेळ आहे. तेव्हां प्रवाह-मापकाच्या कांट्यावर किंवा तारेंत जोडलेल्या लहानशा दिव्याच्या उजेडावर भिस्त ठेवून असली जुळणी करीत, आणि जुळणी चालली असतांहि लहर बाहेर पडतच असते. म्हणजे आपला पत्ता शत्रूला कळविल्यावांचून तार सुरांत लावण्याचा मार्गच नाहीं.

शत्रू तो पत्ता कसा काढतो हेंहि समजून घेण्यासारखें आहे. चौकटीवर गुंडाळलेलें एरियल फिरवीत गेलें असतां एका ठराविक दिशेला आवाज जवळजवळ लोपतो. त्यावरून प्रक्षेपक कोणत्या रेषेंत आहे तें कळतें, किती अंतरावर आहे तें कळत नाहीं. म्हणून दुसऱ्या ठिकाणीं जाऊन दुसरी रेषा काढावयाची, शक्य तर तिसरी, व नकाशावर त्या जेथें छेदतील तो मोहल्ला धरावयाचा. माळरानावर हें काम जलद होतें. मुंबईच्या दाट वस्तींत लहरी इमारतींवर आपटून भलत्याच दिशेनें येतात, रेषा एका बिंदूंत मिळत नाहींत, आणि तेवढ्यांत कार्यक्रम संपून जातो. लहरींचा माग काढणाऱ्या पोलिसांच्या गाड्या शहरांत फिरत होत्या; त्यांना हुलकावणी देण्यासाठींच हे स्थलांतर चाललें होतें. ध्वनिमुद्रणाची जागा व प्रक्षेपणाची जागा हीं वेगळीं ठेवण्यांतहि हाच हेतु होता.

पण मोहल्ला कळला तरी घर कसें ओळखावयाचें? साध्या डोळ्यांनीं पाहावें तर पूर्वीं वर्णिलेलें तें बांबूंचें व चिनी मण्यांचें चित्र जिकडे तिकडे. ऐकणाऱ्याची तार कोणती आणि बोलणाऱ्याची कोणती हें खालच्या रस्त्यावरून शिपायाला सांगतां येत नाहीं. सरकारनें दहा दहा रुपये घेऊन घरोघर ज्या तारा लावूं दिल्या, त्यांच्या गर्दींत ही एक बंडखोर तार खपून गेली असली पाहिजे. ज्या शांत गृहस्थांनीं गाणें व बाजारभाव ऐकण्यासाठीं गच्चीवर बांबू उभे केले, त्यांनीं नकळत या कार्याला आडोसा दिला, असें मी म्हणतों तें यामुळेंच.

याच महिन्यांत कर्जतच्या डोंगरांत तारांचाच आणखी एक प्रसंग घडत होता. टाटांच्या खोपोली येथील वीजगृहांतून १९१५ पासून, व पुढें कर्जत तालुक्यांतील भिवपुरीहून, मुंबईस वीज जात असे. तिचे लोखंडी मनोरे याच खालापूर-कर्जतच्या भूमींतून चालत गेले होते. माथेरानचे वकील भाई कोतवाल यांनीं आझाद दस्ता उभारला आणि १९४२ च्या सप्टेंबरापासून हे मनोरे पाडावयास आरंभ केला. मुंबईच्या गिरण्या थांबाव्या, युद्धाच्या मालाला खीळ बसावी, हा उद्देश. इकडे काँग्रेस रेडिओचा प्रक्षेपक मुंबईंतच चालला होता, आणि मुंबईस वीज याच मनोऱ्यांवरून येत होती. एका पथकानें जो प्रवाह तोडावयाचा त्यावरच दुसऱ्यानें बोलावयाचें, असा हा विचित्र योग. त्यावरून त्या चळवळीला एक सूत्रधार नव्हता असा आक्षेप कोणी घेईल. मला तो आक्षेप वाटत नाहीं. पुढारी तुरुंगांत असतां आपापल्या बुद्धीनें उठलेल्या लोकांचें असेंच व्हावयाचें. २ जानेवारी १९४३ रोजीं सिद्धगडाच्या रानांत पोलिसांच्या गोळ्यांनीं भाई कोतवाल व हिराजी पाटील यांना मरण आलें.

काँग्रेस रेडिओचें बोलणें त्या डोंगरांत पोंचण्यासारखें होतें काय? आखूड लहरींचा स्वभाव मोठा चमत्कारिक आहे. जमिनीलगत जाणारा त्यांचा भाग थोड्याच मैलांत क्षीण होतो. वर गेलेला भाग आकाशांतील विद्युन्मय थरावरून परतून शेंकडों मैलांवर उतरतो. त्यामुळें रात्रीच्या वेळीं नागपूर-कलकत्त्यास स्वच्छ ऐकूं यावें आणि चाळीस-पन्नास मैलांवरच्या श्रोत्याला नुसती खरखर मिळावी, असें पुष्कळदां घडतें. मुंबईहून बोलणाऱ्यांचे सर्वांत जवळचे शेजारी, म्हणजे खालापूर आणि कर्जत, त्या मधल्या मुक्या पट्ट्यांत किंवा त्याच्या काठावर येतात.

शेवटीं केंद्र पकडलें गेलें तें रेषांच्या गणितानें नव्हे. त्यांच्याच एका तंत्रज्ञाकडून पोलिसांस जागा कळली. १२ नोव्हेंबर १९४२ रोजीं संध्याकाळीं पारेख वाडींत कार्यक्रम चालू असतांच पोलीस दारें फोडून आंत आले. ‘वंदे मातरम्’ वाजत होतें. तें थांबविण्याचा हुकूम झाला आणि उषाबेननीं तो मानला नाहीं. त्यांना व चंद्रकांत झवेरींना तेथेंच अटक झाली. खटला १९४३ सालीं खास न्यायालयापुढें चालला. बाबूभाई खाखर यांस पांच वर्षें, उषाबेनना चार, चंद्रकांत झवेरींना एक, अशा शिक्षा झाल्या; विठ्ठलदास झवेरी व नानिक मोटवाणी सुटले. उषाबेनना येरवड्यास ठेविलें होतें, तेथून त्या १९४६ सालीं बाहेर आल्या.

स्वराज्यांत त्यांनीं विल्सन महाविद्यालयांत सुमारें तीस वर्षें राज्यशास्त्र शिकविलें. हें महाविद्यालय चौपाटीसमोर आहे, म्हणजे पहिली तार ज्या ‘सी व्ह्यू’वर चढली त्याच भागांत. पुढें गांधी स्मारक निधीच्या अध्यक्षा म्हणून मणिभवनाचा कारभार त्यांनीं पाहिला. ११ ऑगस्ट २००० रोजीं त्या वारल्या. मणिभवनाचा पत्ता लॅबर्नम रस्ता असा आहे. ‘अजित व्हिला’चाहि तोच.